रोगी मुका, मालक बोलका

डॉक्टर जावई मिळावा म्हणून आपल्याकडे आईबाप किती खटपट करतात, हे मी सांगायला नको. परंतु "मुलगा डॉक्टर आहे" ह्या वाक्याला "गुरांचा" हे शेपूट मागाहून जोडले गेले, की बैठकीतल्या मंडळींचे चेहरे कसे होतात ते मी १९९२ साली गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत प्रत्यक्ष पाहिले आहे. "म्हणजे ढोरडॉक्टर की!" असे आमची आत्या पटकन बोलून गेली. वडिलांनी "सरकारी नोकरी आहे, पेन्शन आहे" असे म्हणून वेळ मारून नेली. मुलगा मात्र शांतपणे पोहे खात होता. पुढे मला कळले, की परळच्या कॉलेजात पाऊल टाकल्यापासून हा शब्द त्याने इतक्यांदा ऐकला होता की त्याचे त्याला काही वाटेनासे झाले होते.

त्या मुलाशी लग्न करून मी भिवंडीला आले. येथल्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवले आणि ह्यांनी तालुक्यात व जिल्ह्यात निरनिराळ्या दवाखान्यांतून तेहेतीस वर्षे नोकरी केली. २०२३ साली हे निवृत्त झाले. ह्यांचे कौतुक करण्यासाठी मी लिहायला बसलेले नाही. त्याला ह्यांच्या दोन बहिणी समर्थ आहेत. मला सांगायचे आहे ते निराळे. गुरांच्या डॉक्टरचे काम ओंगळ, अंगमेहनतीचे, वेळी-अवेळी येणारे. त्याने माणूस थकतो, परंतु सहसा विटत नाही. तो विटतो, आतून खचतो, तो दुसऱ्याच कारणाने. ते कारण ओळखायला मला, त्याच घरात राहून, निम्मा संसार लागला.

भिवंडी म्हटले की वाचकांच्या कानांत यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. नाशिक रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्यांना दिसतात ती दोन्ही अंगांना पसरलेली गोदामे. त्या मागांच्या आणि गोदामांच्या पलीकडे, पत्र्याच्या लांबच लांब छपरांखाली म्हशी उभ्या असतात, हे रस्त्यावरून दिसत नाही. वारा फिरला तर वासावरून समजते. मुंबईत एकेकाळी म्हशींचे तबेले भर वस्तीत असत. १९४९ साली गोरेगावजवळ आरे वसाहत वसवली ती त्या म्हशींना शहराबाहेर काढण्यासाठीच. पुढे शहर आरेलाही वेढून पुढे गेले आणि तबेले भिवंडी-कल्याणपर्यंत पसरले. तुमच्या घरी सकाळी सहाला सुटे दूध येत असेल, तर त्यासाठी कोठेतरी रात्री दोन-अडीचला धारा काढायला माणसे उठलेली असतात. एखादी म्हैस उठत नाही असे ध्यानात येते ते त्याच वेळी. आमच्या घरचा फोन म्हणूनच बहुधा अडीच ते तीनच्या दरम्यान वाजे. "डॉक्टरसाब, भैंस बैठ गयी है," एवढेच पलीकडून ऐकू येई.

बसलेली म्हैस म्हणजे काय, हे मला पहिल्या वर्षीच कळले. भरपूर दुधाची म्हैस व्याली, की एकदोन दिवसांत तिच्या रक्तातला चुना एकदम कासेकडे ओढला जातो. मग ती अंग टाकते, मान कुशीकडे वळवून घेते, कान थंड पडतात, आणि तशीच राहिली तर काही तासांत मरते. ह्याला दुग्धज्वर म्हणतात, जरी अंगात ताप नसतो. इलाज म्हणजे कॅल्शियमची बाटली, शिरेतून, अगदी सावकाश. घाई केली तर त्याच औषधाने हृदय बंद पडते. एका हाताने बाटली धरायची आणि दुसऱ्या हाताने नळी तिच्या छातीला लावून ठोके ऐकत राहायचे. बाटली संपत येते तशी म्हैस ढेकर देते, शेण टाकते, नाकपुडीवर दव यावे तसे पाणी येते, आणि अर्ध्या-पाऊण तासात मघाशी मेलेली वाटणारी म्हैस उठून वैरणीला तोंड लावते. माणसांच्या डॉक्टरांना असा चमत्कार रोज थोडाच दिसतो! ह्यांना तो महिन्यातून चारदा तरी दिसे. त्या दिवशी न्हाणीघरातून गाण्याचा आवाज यायचा. हे अतिशय बेसूर गातात. तरी मी कधी कुरकूर केली नाही.

न्हाणीघरावरून आठवले. हे रात्री परतले की आधी मागच्या दाराने यायचे, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, कोपरापासून वर खांद्यापर्यंत साबण लावून दोनदा धुवायचे आणि मगच घरात पाऊल. सासूबाईंच्या दृष्टीने हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता; ह्यांच्या दृष्टीने ब्रुसेलोसिसचा. गाभ टाकलेल्या गाईम्हशींकडून माणसाला होणारा हा रोग आहे. उलटसुलट ताप येतो, सांधे धरतात, आणि हिवताप समजून महिनोन् महिने भलतीच औषधे चालतात. ह्यांच्या धंद्यातल्या पुष्कळांना तो होतो. कारणे निराळी, पण सासूसुनेचे आणि डॉक्टरचे एकमत झालेला आमच्या घरातला हा एकमेव नियम.

जनावरांवर इलाज करणारे आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. घोड्यांच्या वैद्याला सलोतरी म्हणत. शालिहोत्राच्या नावावरून तो शब्द आला. मुंबईत १८३२ साली पोलिसांनी मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा दंगल उसळली आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी पांजरपोळ काढली. शास्त्रीय शिक्षण मात्र १८८६ साली परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाच्या जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात सुरू झाले. म्हणजे मुंबईकराला जनावराची दया आधी आली आणि डॉक्टर सुचला तो पन्नास वर्षांनी.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण ह्यांचे काम मी डोळ्यांनी पाहिले असे प्रसंग थोडे आहेत. १९९७ चा मे महिना. पडघ्याच्या बाजूला एका लग्नाला जाऊन आम्ही स्कूटरवरून परतत होतो. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. माझ्या अंगावर पैठणी. वाटेतल्या एका पाड्याशी चार माणसे कंदील घेऊन उभी होती. त्यांतल्या एकाने ह्यांना ओळखले आणि सरळ रस्त्यात आडवा उभा राहिला. "डाक्तर, म्हस अरलीय," तो म्हणाला. कालपासून कळा देत होती, पण पाणमोट दिसत नव्हती की काही नाही.

मला एका म्हातारीजवळ बाजेवर बसवून ह्यांनी अंगातला सदरा काढला. स्कूटरच्या डिकीत पिशवी कायम असेच. हात साबणाने धुऊन, तेल लावून, आत घालून पाहिले आणि म्हणाले, "उजवीकडे पीळ पडलाय." म्हशीच्या पोटातली पिशवी कधीकधी गाभासकट स्वतःभोवती फिरते. गाईपेक्षा म्हशीत हे अधिक. पिशवीचे तोंड पिळलेल्या पंचासारखे आवळले जाते. वासरू बाहेर येणार कोठून? मोठ्या शस्त्रक्रियेची सोय त्या पाड्यावर कुठली असायला! परंतु एक जुनी युक्ती आहे. म्हशीला पीळ असलेल्या अंगावर निजवायचे, पुढचे पाय एकत्र आणि मागचे एकत्र बांधायचे, पोटावर एक लांब फळी तिरपी टेकवायची आणि फळीच्या जमिनीवरच्या टोकावर एका माणसाने उभे राहायचे. मग सगळ्यांनी मिळून पाय ओढून म्हैस पाठीवरून दुसऱ्या अंगावर उलटवायची. फळीने पोट दाबून धरलेले असते, त्यामुळे आतले वासरू जागच्या जागी राहते आणि म्हैस त्याच्याभोवती फिरते. दोरीचा पीळ सोडवताना आपण एक टोक धरून दुसरे फिरवतो ना, तसेच.

फळी कुठली आणायची? गोठ्याचे दार काढले गेले, पण ते आखूड पडले. शेवटी कोणीतरी होडीची फळी खांद्यावरून घेऊन आला. तोवर आमच्याच लग्नाहून परतणारे आणखी सातआठ जण थांबले होते, नव्या कोऱ्या कपड्यांतले. ह्यांनी एकेकाला कामाला लावले. "तुम्ही डोके धरा. तुम्ही फळीवर. मी म्हणेन तेव्हाच ओढायचे." पहिल्यांदा उलटवली; हात घालून पाहिले, मान हलवली. पुन्हा उजव्या अंगावर घेतली, पुन्हा उलटवली. मान हलवली. शेजारची म्हातारी माझा हात धरून बसली होती आणि तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या. तिच्या सुनेने मला हळूच सांगितले, की ह्या म्हशीच्या दुधावर धाकट्याची शाळा चालते. तिसऱ्यांदा उलटवल्यावर ह्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि त्या पाठोपाठ पाण्याचा एवढा लोट आला, की हे आपादमस्तक भिजले. सगळे ओरडले, "सुटला!" अर्ध्या तासात पारडी झाली. ह्यांनी तिच्या नाकातला चिकटा काढला, पेंढ्याने अंग खसाखसा चोळले, आणि तिने शिंक दिली.

निघताना म्हातारी आत गेली आणि सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन आली. रात्री साडेबारा वाजता, म्हशीच्या दारात, तिने माझी ओटी भरली. मी केले काय होते? बाजेवर बसून घाबरले होते. ओटीत तो नारळ सांभाळत, वाटभर ह्यांचे गाणे ऐकत मी घरी आले. पैठणीचा काठ खराब झाला तो झालाच.

तबेल्यातली गोष्ट निराळी. तेथे हरियाणातून मुऱ्हा म्हशी येतात, गुजरातेतून जाफराबादी. आजच्या भावाने चांगली म्हैस लाखाच्या पुढे जाते. दूध देते तोवर ती दावणीला असते. आटली, की पुन्हा विण्याची वाट पाहत तिला नुसती पोसणे शहराजवळच्या जागेत परवडत नाही. मग तिची रवानगी होते. कोठे, ते आपण सारे जाणतो. पारडू नर असले तर त्याने प्यायलेले दूध म्हणजे मालकाला नुकसान, म्हणून ते चारआठ दिवसांचे सोबती. आणि पारडू गेले की म्हैस पान्हा चोरते. मग तिला रोज दोन वेळा पान्ह्याचे इंजेक्शन देण्याचा प्रकार काही ठिकाणी चाले. अडलेल्या मादीसाठी असलेले ते औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून त्याची विक्री कायद्याने बंद आहे. ह्यांनी ते कधी दिले नाही. परंतु ह्यांनी न दिल्याने ते थांबले असेही नाही, आणि हे ह्यांना पक्के ठाऊक होते.

माणसांच्या डॉक्टरला रोग्याचे नातलग दोन प्रश्न विचारतात: वाचेल का, आणि खर्च किती. गुरांच्या डॉक्टरला तिसरा प्रश्न येतो: वाचली तरी दूध देईल का? ह्या तिसऱ्या प्रश्नाने ह्यांना जेवढे म्हातारे केले तेवढे तीन वाजताच्या फोनने केले नाही. एकदा एका तबेल्यात ओल्या फरशीवरून घसरून एक जाफराबादी म्हैस मागल्या पायांनी बसली. ह्यांच्या मते जाड पेंढ्यावर ठेवून, दिवसातून चारदा कूस बदलून, तीन आठवड्यांनी ती उठण्याचा चांगला संभव होता. मालकाने शांतपणे हिशेब केला: तीन आठवड्यांची पेंड, एका गड्याची मजुरी, आणि तोवर आटलेले दूध. "नको डॉक्टर," तो म्हणाला. त्या पहाटे हे आंघोळ करून गच्चीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तो तसाच निवला.

मालक राक्षस होता असे मला म्हणायचे नाही. त्याच्या पोरीला मी शाळेत शिकवले आहे. चांगले घर आहे. लिटरमागे दोन रुपये वाढले, की दूधवाल्याशी दारात हुज्जत घालणाऱ्या आम्हीच बायका. त्याचा हिशेब आमच्या हिशेबातूनच निघतो. आणि पाड्यावरच्या त्या घरानेसुद्धा तिसरा प्रश्न मनात विचारला असेलच. फक्त त्यांना दुसरी म्हैस विकत घेता येणार नव्हती. गुरांच्या डॉक्टरला रोगी एक नसतो, दोन असतात. एक दाव्याला बांधलेला आणि एक शेजारी उभा. दोघांचे हित एकाच इलाजात असले की त्या माणसासारखा सुखी माणूस नाही. ज्या दिवशी त्या दोघांच्या वाटा फुटतात, त्या दिवशी तो मधोमध उभा असतो, हातात औषध असून.

हे मला सर्वांत स्वच्छ दिसले ते २०२२ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. आसपासच्या सुमारे २५ हजार कोंबड्या मारण्याचा हुकूम झाला. जिल्ह्यातले पशुवैद्य त्या कामावर गेले, त्यांत हेही. पांढरे पोशाख, तोंडाला पट्ट्या, पिशव्या, चुना. रोग पसरू द्यायचा नसेल तर हे करावेच लागते, ह्याविषयी ह्यांच्या मनात कधी शंका नव्हती; सरकार नुकसानभरपाईही देते. काम काही दिवसांचेच. परंतु परत आल्यावर ह्यांनी पंधरा दिवस कोणाशी धड संभाषण केले नाही. एका घरच्या बाईने कोंबड्या हवाली करण्यापूर्वी त्यांना तांदूळ टाकले, एवढेच मला सांगितले, आणि तेही पावसाळ्यात, काही कारण नसताना, भाजी निवडता निवडता.

त्याच वर्षी ऑगस्टात जळगावकडून लम्पीची बातमी आली. गाईबैलांच्या अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. म्हशींना हा रोग क्वचित, पण गोवंशाला वाईट. शेळ्यांच्या देवीची लस त्यावर चालते असे ठरले आणि राज्यातल्या प्रत्येक गोठ्यात जाऊन ती टोचायची होती. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात गाईबैल १ कोटी ४० लाखांच्या घरात. काही महिन्यांत हे काम जवळपास पुरे झाले. सत्तावन्न वर्षांचा माणूस पहाटे पाचला, जनावरे रानात सुटण्याआधी, बर्फाची पेटी घेऊन निघायचा आणि रात्री आठला चिखलाने माखून यायचा. खांदा धरला, वजन चार किलो उतरले, एका बैलाने बरगडीवर शिंग मारले. मी धास्तावले होते. आणि न्हाणीघरातून गाणे! फेब्रुवारीत काम थोडे होते, सप्टेंबरात मरणाचे. आजारी कोण पडले होते ते मी पाहिले आहे.

हा प्रश्न आमच्याच घरचा नाही, हे मला अलीकडे वाचून कळले. अमेरिकेत १९७९ ते २०१५ ह्या काळातल्या पशुवैद्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या मानाने पुरुषांत दुपटीहून थोडे अधिक आणि स्त्रियांत साडेतीन पट निघाले. तेथे बहुतेकांचे काम कुत्र्यामांजरांचे. कर्ज काढून शिक्षण, मालकांचे बोल, आणि वरचेवर जनावराला कायमचे झोपवण्याचे इंजेक्शन देण्याचा प्रसंग. इंग्लंडातला जेम्स हेरियट पुष्कळ वाचकांना माहीत असेल. यॉर्कशरच्या गोठ्यांतल्या गमतीजमती सांगून ज्याने जगाला हसवले, तो हा पशुवैद्य. खरे नाव आल्फ वाइट. १९७० साली निघालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकाचे नावच 'ती बोलू शकली असती तर' अशा अर्थाचे आहे. हा हसवणारा माणूस १९६० च्या सुमारास स्वतः खोल नैराश्यात होता आणि त्याच्यावर विजेच्या धक्क्यांचे उपचार झाले, हे त्याच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात आहे. कॅनडातल्या जीन वॉलेस ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हाच प्रश्न उलट्या बाजूने घेतला: हे लोक दुःखी का, हे विचारत बसण्याऐवजी, ह्या कामात त्यांना अर्थ कशात वाटतो, ते शोधले. मला ही विचारण्याची रीत आवडली.

ह्यांना कशाने तारले ते मी माझ्यापुरते सांगू शकते. ह्यांचा एक वर्गमित्र सातारा जिल्ह्यात होता. दोघांचा रात्री नऊचा फोन तीस वर्षे चालू आहे, आधी एस.टी.डी.च्या बिलावरून आमची भांडणे होत, आता ती सोय राहिली नाही. "मन मोकळे कर" असे त्या दोघांनी एकमेकांना जन्मात म्हटले नसेल. ते कासेच्या दगडीविषयी बोलतात, पोटात तार गेलेल्या बैलाविषयी बोलतात. मधेच एखादे वाक्य येते: "आज एक सोडून द्यावी लागली." पलीकडून थोडा वेळ काही आवाज नसतो. मग पुन्हा दगडी. मी बायको असून ते वाक्य मला सांगितले जात नाही, ह्याचा पूर्वी राग येई. आता येत नाही.

आणि दुसरे म्हणजे बुळकांडी. हा शब्द आज शहरातल्या मुलांना ठाऊक नाही, ह्यातच सगळे आले. गावात एकदा शिरली की दावणीच्या दावणी रिकाम्या करणारी ही साथ. तिच्यासारख्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली, ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. १९५४ पासून देशभर लस टोचण्याची मोहीम चालली. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. देवी गेल्या हे आपण शाळेत शिकवतो. मी स्वतः शिकवले आहे. माणसाने पृथ्वीवरून घालवलेला दुसरा रोग बुळकांडी, आणि तो घालवला ह्या ढोरडॉक्टरांनी, हे कुठल्या धड्यात नव्हते. ह्यांच्या उमेदवारीच्या काळात एक वृद्ध पशुधन पर्यवेक्षक होते. सायकलवर लसीची पेटी बांधून त्यांनी उभा तालुका पालथा घातला होता. २०११ साली ती बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली. ह्यांनी ते पान कापले आणि आम्ही दोघे त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो. त्यांना आता नीटसे दिसत नव्हते. ह्यांनी बातमी वाचून दाखवली. "गेली का शेवटी," एवढेच ते म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

एकदा मात्र मला माझ्याच जिवाची भीती वाटली होती. एका म्हशीच्या घशात काही अडकले आहे, लाळ गळते, आवाज चिरका झाला आहे, असा निरोप आला. मालकाने तोंडात हात घालून बघितलेही होते. ह्यांनी दारातूनच तिला पाहिले आणि सगळ्यांना मागे ओढले. पिसाळलेली होती, महिन्यापूर्वी कुत्रे चावल्याचे मग कोणाला तरी आठवले. मालकाला त्याच तासाला इस्पितळात पोहोचवून हे रात्रभर ज्यांनी ज्यांनी तिची लाळ हाताळली त्यांच्या दारी फिरले. दूध ज्या घरी गेले होते तेथे घबराट. उकळलेल्या दुधाने काही होत नाही, हे घरोघर सांगावे लागले. ह्यांनी आधीच लस घेतलेली होती, तरी नियमाप्रमाणे आणखी दोन इंजेक्शने घेतली. दोन्ही वेळा मी बरोबर गेले. दवाखान्यात बाकावर बसून हे मला सांगत होते, की मालक वाचेल. आणि तो वाचला. दिवाळीला त्याच्याकडून अजून चकल्या येतात. जरा जास्तच तिखट.

आता ह्या पेशात मुली पुष्कळ येऊ लागल्या आहेत. आमच्या तालुक्यातल्या एका दवाखान्यावर विदर्भातली एक मुलगी नेमून आली आहे, अठ्ठावीस वर्षांची, चणीने लहान. पहिल्याच आठवड्यात गावकऱ्यांनी तिला विचारले, "बाई, डॉक्टर कधी येणार?" तिने उत्तर न देता बाह्या वर केल्या, असे ऐकते. अडचण पडली की ती ह्यांना फोन करते. तिच्या आईने मला एकदा विचारले, की ह्या नोकरीत मुलीचे निभेल का? मी म्हटले, रात्री नऊला बोलायला तिला कोणी आहे का, ते आधी बघा.

परवाच, वसुबारसेच्या आदल्या रात्री, पावणेअकराला तिचा फोन आला. पिळाची म्हैस, दोनदा उलटवून सुटत नव्हती. ह्यांनी फोन मोठ्याने लावून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि उभे राहून सूचना देऊ लागले: फळी मागे घे, वजनदार माणूस उभा कर, झटक्याने नको, एकदम सगळ्यांनी. पलीकडे माणसांचा गलका, कुत्र्याचे भुंकणे. मी चकल्यांचा घाणा तळत होते तो तसाच उतरवून ठेवला. बराच वेळ काही कळेना. मग तिचा धापा टाकणारा आवाज आला, "सर, सुटला. पारडू जिवंत आहे."

"नर की मादी?" ह्यांनी विचारले.

"नर." जरा थांबून ती म्हणाली, "घरची म्हैस आहे सर, तबेल्यातली नाही. ठेवतील म्हणताहेत." आणि मग लगेच, "वार अजून पडली नाही. हात घालून काढू?"

"ओढू नकोस," हे म्हणाले. "बारा तास थांब. सकाळी पुन्हा जाऊन ये, आणि आता आधी खांद्यापर्यंत हात धू."